अडून बसलेला डिझेल फिल्टर: पट्ट्याचा पाना की स्क्रूड्रायव्हर?

जुन्या डिझेल जीपचा डबा-फिल्टर हलेना, की बरेच गॅरेजवाले सरळ स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून तो फिरवतात. काम झटक्यात होतं, पण डब्याचा पत्रा पातळ. तो फाटला तर डिझेल अंगावर आणि वर फिल्टरची नुसती आट्यांची चकती अडकलेली. मग छिन्नी-हातोडी घेऊन बसा. पट्ट्याचा पाना डब्याला बाहेरून आवळतो. तेलकट डब्यावर मात्र घसरतो, म्हणून आधी डबा कोरडा पुसायचा आणि पट्टा बुडाशी नाही, वरच्या कडेजवळ बसवायचा. मी आधी पानाच लावतो, स्क्रूड्रायव्हर अगदीच नाइलाज झाला तर. नवा फिल्टर बसवताना रबरी रिंगला डिझेल चोळा आणि हातानेच आवळा, पान्याने नाही! फिल्टर बदलताना आत शिरलेली हवा हातपंपाने काढणं, जुना फिल्टर कशानेही काढला तरी सारखंच.