व्याख्यान, मैफल, प्रदर्शन की नाटक? कॅम्पसवर एकच संध्याकाळ मोकळी असेल तर

सत्राचे पहिले काही आठवडे सरले की विद्यापीठाचं कार्यक्रमपत्रक भरू लागतं. मग एकाच संध्याकाळी विज्ञान विभागात पाहुण्या संशोधकाचं व्याख्यान असतं, संगीत विभागाच्या सभागृहात मैफल असते, कलादालनात प्रदर्शनाचं उद्घाटन असतं आणि नाट्यविभागात विद्यार्थ्यांच्या नाटकाचा प्रयोग लागलेला असतो. यातलं बरंचसं विनामूल्य असतं, म्हणजे पैशावरून निवड करायची सोय नाही. खरी टंचाई वेळेची. अभ्यास, नोकरी, येणं-जाणं धरलं तर आठवड्यातली एखादी संध्याकाळ कशीबशी सुटते, आणि ती कुठे द्यायची हे ठरवताना बहुतेक जण पाहुण्याचं नाव किती मोठं आहे एवढंच बघतात.

मी वेगळा प्रश्न आधी विचारते. या कार्यक्रमातली कोणती गोष्ट नंतर मिळणारच नाही? नाव, विषय, अंतर हे सगळं त्याच्या मागून. या एका प्रश्नाने निवड पुष्कळ सोपी होते, आणि कधीकधी सगळी गर्दी एकीकडे आणि आपण दुसरीकडे अशीही वेळ येते.

व्याख्यान: जाहीर की विभागातलं?

1964 साली भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी कॉर्नेल विद्यापीठात भौतिक नियमांच्या स्वरूपावर सात व्याख्यानं दिली. बीबीसीने ती चित्रित केली, म्हणून आजही कुणालाही घरी बसून ती बघता येतात, हवं तिथे थांबवता येतात, न कळलेला भाग पुन्हा ऐकता येतो. समोर बसलेल्या श्रोत्यांना ही सोय नव्हती. आता तर मोठ्या पाहुण्याचं जाहीर व्याख्यान बहुतेक विद्यापीठं स्वतःच ध्वनिचित्रमुद्रित करतात. म्हणजे व्याख्यानाचा मुख्य भाग सहसा हातचा जात नाही. जाते ती प्रश्नोत्तरं. वक्ता कुठे अडखळला, कोणत्या प्रश्नावर थांबून विचार करू लागला, 'हे आम्हाला अजून कळलेलं नाही' असं कधी म्हणाला, हे बहुधा कॅमेरा बंद झाल्यावर किंवा सभागृहाच्या दाराशी घडतं.

म्हणून व्याख्यानाला जायचं तर प्रश्न विचारायला जा, निदान ऐकायला तरी. तासाभराच्या जाहीर व्याख्यानात शेवटची दहा मिनिटं प्रश्नांना मिळाली तर तीन-चार जणांचे प्रश्न होतात. त्याच पाहुण्याचं दुसऱ्या दिवशी विभागात चर्चासत्र असतं का, ते बघा. पुष्कळदा असतं, पण त्याची जाहिरात कुणी करत नाही. सूचना फक्त विभागाच्या फलकावर किंवा संकेतस्थळाच्या आतल्या पानावर असते. तिथे पंचवीस-तीस माणसं असतात, वक्त्याला मध्येच थांबवून विचारता येतं, आणि तो अर्धवट राहिलेलं काम मांडायला बिचकत नाही. विषय तुमचा असेल तर चर्चासत्रच निवडा. विषय नवखा असेल तर मात्र तिथे पहिल्या पाच मिनिटांतच धागा सुटेल, तेव्हा जाहीर व्याख्यान बरं.

व्याख्यानाच्या सूचनेत शीर्षकापेक्षा खालचा गोषवारा वाचावा. त्यात एखादा नेमका प्रश्न, एखादा विशिष्ट दस्तऐवज, प्रयोग किंवा प्रदेश असेल तर वक्त्याने याच भाषणासाठी तयारी केली असण्याची शक्यता मोठी. नुसतंच 'अमुकचं भवितव्य' असेल तर तेच भाषण थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी झालेलं असतं आणि ते सावकाश ऐकता येतं. व्याख्यानमाला असेल तर पहिलं पुष्प चुकवू नये. संज्ञा आणि भूमिका तिथेच मांडल्या जातात, आणि तिसऱ्या दिवशी उठून गेलं की निम्मा वेळ संदर्भ जुळवण्यातच जातो.

मैफल: कोण, यापेक्षा कुठे

संगीताच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. माइकशिवाय होणारी मैफल आणि ध्वनिमुद्रित व्याख्यान यांत निवडायचं झालं तर मैफलीला जावं. कारण तिथे वाद्याइतकंच सभागृहही वाजत असतं.

हे कळायला एका विद्यापीठातल्याच अडचणीचा उपयोग झाला. 1895 मध्ये हार्वर्डच्या फॉग कलासंग्रहालयातलं नवं व्याख्यानगृह निकामी ठरायची वेळ आली होती. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहायचा, म्हणजे एक वाक्य संपेपर्यंत आधीचं वाक्य हवेतच असायचं. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आलं. रात्री कॅम्पस शांत झाल्यावर तो जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या आणून या खोलीत मांडायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. गाद्या वाढल्या की घुमणं कमी व्हायचं. खोलीचं आकारमान आणि आवाज शोषून घेणारे पृष्ठभाग यांच्यावरून घुमण्याचा काळ काढायचं सूत्र त्यातून निघालं. 1900 मध्ये उघडलेलं बॉस्टनचं सिम्फनी हॉल त्याच्याच सल्ल्याने बांधलं गेलं आणि आजही ते जगातल्या उत्तम संगीतसभागृहांत गणलं जातं.

निवड करणाऱ्यासाठी यातली कामाची गोष्ट अशी, की बोलणं स्पष्ट कळायला घुमणं साधारण एक सेकंद किंवा त्याहून कमी हवं, आणि मोठा वाद्यवृंद भरदार वाटायला दोन सेकंदांच्या जवळपास. या दोन्ही गरजा एका खोलीत एकाच वेळी भागत नाहीत. कॅम्पसवरचं 'बहुउद्देशीय' सभागृह बहुधा दोन्हींच्या मधे कुठेतरी अडकलेलं असतं. काही ठिकाणी जड पडदे सोडून किंवा गुंडाळून घुमणं कमी-जास्त करतात, बाकी ठिकाणी माइकवर भागवतात. तेव्हा मैफलीची सूचना वाचताना कलाकाराच्या खाली लिहिलेलं सभागृहाचं नाव आधी बघा. संगीतासाठीच बांधलेलं छोटं दालन असेल तर फारसा विचार करू नका, जा. ऑक्सफर्डमधलं होलीवेल म्युझिक रूम 1748 पासून उभं आहे आणि बसायची जागा आहे सुमारे दोनशे माणसांची. अशा ठिकाणी गायकाचा श्वास, तारेवर बोट सरकल्याचा आवाज, दोन वादकांची नजरानजर हे सगळं तुमच्यापर्यंत पोचतं. हेडफोनमधून सूर येतात, खोली येत नाही. तेच कलाकार दोन हजारांच्या सभागृहात ध्वनिवर्धकावर असतील तर त्यांची चांगली ध्वनिमुद्रिका ऐकणं तितकंच समाधान देईल.

मोठ्या पाहुण्याची मैफल आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याची परीक्षेसाठीची मैफल समोरासमोर आली, तर विद्यार्थ्याची कमी लेखू नका. त्या तासाभरामागे वर्षा-दोन वर्षांची मेहनत असते. फारशा न वाजणाऱ्या रचना तिथे ऐकायला मिळतात, कारण तिकीटविक्रीची चिंता नसते. आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवणाऱ्या मुलाला चार जाणते श्रोते मिळणं ही मोठी गोष्ट आहे. त्या हजेरीचं मोल मला खरोखर वाटतं.

मैफलीपेक्षा मास्टरक्लास

पाहुणा कलाकार आला की पत्रकाच्या कोपऱ्यात दुपारचा मास्टरक्लास नाहीतर खुली तालीम छापलेली असते, 'सर्वांना प्रवेश' असं म्हणून. संध्याकाळच्या कार्यक्रमाला रांग आणि दुपारी जेमतेम मूठभर माणसं, हे नेहमीचं चित्र. दोन्हीतलं एकच जमणार असेल तर मी दुपार निवडेन, आणि वाद्य वाजवता न येणाऱ्यालाही तेच सांगेन.

मास्टरक्लासमध्ये विद्यार्थी एखादी रचना पूर्ण सादर करतो. मग पाहुणा त्यातल्या चार ओळी घेऊन बसतो. इथे श्वास लवकर तुटला, इथे लय पुढे पळाली, हा स्वर लागला पण त्याच्याकडे जाणारी वाट दिसली नाही, असं सांगत तो तेवढाच तुकडा पुन्हा म्हणायला लावतो. दहा मिनिटांत त्याच चार ओळी वेगळ्या होतात, तुमच्या डोळ्यांदेखत. संगीताचं शिक्षण नसलेल्या माणसालाही हा फरक ऐकू येतो, कारण आधीचं आणि नंतरचं एकापाठोपाठ कानावर पडतं. संध्याकाळच्या मैफलीत सगळे निर्णय आधीच झालेले असतात. काय टाकून दिलं ते कुणी दाखवत नाही. शिवाय मास्टरक्लासचं चित्रण सहसा बाहेर येत नाही, शिकणाऱ्याचं संकोचणं जगापुढे मांडू नये म्हणून, आणि ते योग्यच आहे. माझ्या पहिल्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर दुसऱ्या कुठल्याच कार्यक्रमात मिळत नाही.

व्याख्यान आणि मैफल यांच्या मधला प्रकार म्हणजे सप्रयोग व्याख्यान. संगीतकार आणि वाद्यवृंद-संचालक लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी 1973 मध्ये हार्वर्डमध्ये दिलेली सहा व्याख्यानं याचा नमुना आहेत. पियानोशी बसून, वाजवत, भाषाशास्त्राचा आधार घेत त्यांनी संगीताच्या रचनेबद्दल मांडणी केली. संगीत आवडतं पण मैफलीत थोड्या वेळाने लक्ष भरकटतं, अशांनी सुरुवात इथून करावी. काय ऐकायचं ते कळलं की पुढच्या मैफलीत तासभर कसा गेला ते लक्षातही येत नाही.

प्रदर्शन

याचा निर्णय सर्वांत सोपा. प्रदर्शन काही आठवडे उघडं असतं, तेव्हा उद्घाटनाच्या संध्याकाळी दुसरं काही असेल तर बिनधास्त तिकडे जा. उद्घाटनाला माणसं भेटतात, चित्रांपुढे मात्र पाठी दिसतात. चित्रकाराशी बोलायचंच असेल तर गोष्ट वेगळी.

आठवड्याच्या मधल्या दिवशी, दोन तासिकांच्या मधे जा. थोडीच चित्रं बघा, पण थांबून. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्रेक्षकांचं निरीक्षण करून केलेल्या, 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका चित्रापुढे माणूस सरासरी 27 सेकंद थांबतो असं आढळलं. हार्वर्डच्या कलेतिहासाच्या प्राध्यापिका जेनिफर रॉबर्ट्स विद्यार्थ्यांना एकाच चित्रापुढे तीन तास बसायला सांगतात. तीन तास सोडा, दहा मिनिटं तरी बसून बघा. दालनात उजेड कमी वाटला तर वैतागू नका. जलरंग, जुने कागद, कापड यांच्यावर 50 लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आसपासच प्रकाश ठेवतात, कारण उजेडाने झालेली हानी भरून येत नाही. डोळे सरावायला थोडी मिनिटं द्या. प्रदर्शनाच्या मांडणीकाराबरोबर फेरी असेल तर तिची तारीख मात्र वहीत लिहून ठेवा, कारण ती एकदाच होते.

नाटक आणि प्रायोगिक सादरीकरण

विद्यार्थ्यांच्या नाटकाचे तीन-चार प्रयोग होतात आणि मग ते संपतं. नेपथ्य मोडलं जातं, मुलं पदवी घेऊन पांगतात. व्याख्यान आणि नाटक एकाच वेळी असेल तर नाटक. पहिला प्रयोग टाळता आला तर टाळा, प्रकाश आणि प्रवेशांच्या वेळा दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगाला बसतात.

'प्रायोगिक', 'आंतरविद्याशाखीय' असं काही लिहिलेलं दिसलं की पुष्कळ जण पान उलटतात. त्यांच्यासाठी एक दाखला. 1952 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजच्या भोजनगृहात संगीतकार जॉन केज यांनी एक सादरीकरण घडवलं. वाचन, मर्स कनिंगहॅम यांचं नृत्य, डेव्हिड ट्यूडर यांचं पियानोवादन, वर टांगलेली रॉबर्ट राउशेनबर्ग यांची पांढरी चित्रं, सगळं एकाच खोलीत, एकमेकांत मिसळलेलं. चित्रीकरण झालं नाही. पुढे हजर असलेल्यांच्या आठवणींचाही मेळ बसेना. तरीही नंतरच्या सादरीकरण-कलेचा इतिहास लिहिताना त्या संध्याकाळचा उल्लेख टळत नाही. अशा दहा कार्यक्रमांतले आठ फसतील हे मान्य. पण फसायची मुभा असलेली जागा विद्यापीठाबाहेर फार थोडी उरते, आणि ती टिकायला प्रेक्षक लागतात.

मैदानावरच्या ध्वनिवर्धकी संगीत महोत्सवाचं काय? मित्रांसाठी जा, जरूर जा. इतर कार्यक्रमांशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही. फक्त जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी 100 डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे हे ध्यानात असू द्या, स्पीकरपासून लांब उभे राहा आणि कानात इअरप्लग घाला. कान ही जन्मभराची ठेव आहे.

तुम्ही कोण आहात, त्यावर

पहिल्या वर्षाला असाल तर आपल्या विषयाबाहेरचं जाहीर व्याख्यान आणि एक नाटक, सत्रात एवढं केलं तरी पुष्कळ. संशोधन करत असाल तर चर्चासत्रं होतीलच, तेव्हा मोकळी संध्याकाळ संगीताला द्या. विद्यापीठाशी संबंध नसलेले, कामावरून थकून येणारे असाल तर शनिवारचं प्रदर्शन किंवा विद्यार्थ्याची तासाभराची मैफल धरा. सहसा कुणी ओळखपत्र मागत नाही, तरी सूचनेत 'सर्वांसाठी खुला' हे शब्द आहेत ना, ते बघून घ्या. मूल बरोबर असेल तर खुली तालीम सर्वांत चांगली, मधेच उठून जाता येतं.

आणि नोंदणी संपल्याची पाटी बघून बेत रद्द करू नका. विनामूल्य कार्यक्रमांना नाव नोंदवून न येणारे पुष्कळ असतात. सुरू व्हायच्या वीसेक मिनिटं आधी दाराशी जाऊन स्वयंसेवकाला विचारा आणि प्रतीक्षेच्या रांगेत उभे राहा. एकटे असाल तर जागा मिळण्याची शक्यता आणखी वाढते.