मँचेस्टर युनायटेडची होम जर्सी : तक्रार कापडाबद्दल नाही, कारभाराबद्दल आहे

मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबची २०२४-२५ च्या हंगामातली लाल होम जर्सी, म्हणजे घरच्या मैदानावर घालायची, मी पुण्यात डेक्कनवरच्या एका दुकानातून घेतली आणि हंगाम संपेपर्यंत जवळजवळ प्रत्येक सामन्याला घातली. वस्तू म्हणून तिला नाव ठेवायला जागा नाही. कापड हलके आहे, घाम लवकर सुकतो आणि एप्रिल-मेच्या उकाड्यातही ती अंगाला चिकटत नाही. छातीवरचे क्लबचे चिन्ह, म्हणजे वर जहाज आणि खाली त्रिशूळ घेतलेला लाल सैतान, फॅन व्हर्जनवर, म्हणजे चाहत्यांसाठीच्या साध्या जर्सीवर, धाग्यांनी काढलेले असल्यामुळे बोट फिरवले की त्याचा उठाव जाणवतो. खेळाडू घालतात तशा प्लेयर व्हर्जनवर ते चिकटवलेले असते आणि तिचे माप अंगाला घट्ट बसणारे असते, त्यामुळे नेहमीच्या वापराला फॅन व्हर्जनच बरी. उलटी करून थंड पाण्यात धुतली, सावलीत वाळवली आणि छापावरून इस्त्री फिरवली नाही, तर रंग आणि छाप दोन्ही टिकतात.

तरीही या खरेदीला मी पूर्ण गुण देऊ शकत नाही. फर्ग्युसन रस्त्यावर फर्स्ट कॉपी काही शे रुपयांत मिळते आणि लांबून फरकही कळत नाही. तिच्या कितीतरी पट पैसे मोजून अस्सल जर्सी घेणारा चाहता एवढ्याच भावनेने घेतो, की त्यातला थोडा तरी वाटा क्लबपर्यंत पोचेल आणि संघ उभा करायला उपयोगी पडेल. माझी तक्रार त्या पैशाचे पुढे काय होते याबद्दल आहे.

अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये सुमारे ७९ कोटी पौंडांना हा क्लब ताब्यात घेतला, तेव्हा त्यातली मोठी रक्कम कर्जाऊ होती आणि त्या कर्जाचा मोठा भाग, तोवर कर्जमुक्त असलेल्या क्लबच्याच डोक्यावर बसवण्यात आला. तिकिटे, प्रक्षेपण, जाहिराती आणि जर्सी यांतून जे येते त्यातून तेव्हापासून व्याज जात राहिले, आणि मालकांनी वर्षानुवर्षे लाभांशही उचलला. मैदानाकडे मात्र कोणी पाहिले नाही. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी मुसळधार पाऊस झाला आणि क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड या मैदानाच्या छतावरून पाण्याचे लोट खाली खुर्च्यांवर कोसळताना साऱ्या जगाने पाहिले. आपल्याकडे जुन्या वाड्याचा गरीब मालकसुद्धा मृगाआधी कौले शाकारून घेतो. इथे तर जगातल्या सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी एकाचे छत गळत होते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटिश उद्योगपती सर जिम रॅटक्लिफ यांनी सुमारे २७.७ टक्के हिस्सा घेऊन फुटबॉलचा कारभार हाती घेतला, तेव्हा आम्हाला मनापासून आशा वाटली होती. पुढे काय झाले ते क्रमानेच पाहावे. जुलैमध्ये प्रशिक्षक एरिक टेन हाग यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढले. न्यूकॅसल क्लबशी महिनोन्महिने वाटाघाटी करून डॅन अ‍ॅशवर्थ यांना क्रीडा संचालक म्हणून आणले आणि डिसेंबरमध्ये त्यांनाही निरोप दिला. या निर्णयांचा भुर्दंड क्लबच्या तिजोरीने भरला, आणि काटकसर मात्र तळापासून सुरू झाली : अडीचशेच्या आसपास कर्मचाऱ्यांची कपात झाली, आणि हंगाम निम्म्यावर असताना उरलेल्या सामन्यांची तिकिटे मुले व ज्येष्ठांची सवलत काढून घेऊन सरसकट ६६ पौंडांना विकायला काढली. मला सर्वांत जास्त लागते ते हे. संघ प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल साखळीत पंधराव्या क्रमांकावर आला आणि युरोपीय क्लबांच्या युरोपा लीग स्पर्धेचा बिल्बाओतला अंतिम सामनाही टॉटनहॅमकडून हरला, पण हरणे सहन करता येते. नातवंडाला घेऊन सामन्याला येणाऱ्या आजोबांच्या खिशात हात घालणे सहन होत नाही.

पुण्यात बसून इतका त्रागा का, असे मला घरीही विचारतात. ज्यांनी बालेवाडीत एफसी पुणे सिटीसाठी घसा कोरडा केला, ते हा प्रश्न विचारणार नाहीत. २०१४ मध्ये सुरू झालेला तो क्लब २०१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेला, २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) जागा हैदराबादला गेली. २०१२-१३ मध्ये आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या अव्वल साखळीत दुसरा आलेला पुणे एफसी त्याआधीच बंद झाला होता. दोन्ही वेळा चाहत्यांच्या हातात काहीही नव्हते.

हे असेच चालायचे, असे मात्र मी मानत नाही. जर्मनीत बहुतेक व्यावसायिक क्लबांत निम्म्याहून अधिक मताधिकार क्लबच्या सदस्यांकडे, म्हणजे चाहत्यांकडे, राहतो, तसा नियमच आहे. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बड्या क्लबांनी सुपर लीग या स्वतःच्या वेगळ्या स्पर्धेचा घाट घातला तेव्हा इंग्लंडमधले चाहते रस्त्यावर उतरले, सरकारनेही डोळे वटारले, आणि त्यात सामील झालेल्या सहाही इंग्लिश क्लबांना दोन-तीन दिवसांत माघार घ्यावी लागली. युनायटेडच्या संचालक मंडळावर चाहत्यांनी निवडलेला, मताचा खराखुरा अधिकार असलेला प्रतिनिधी असावा, एवढी तरी मागणी आम्ही लावून धरायला हवी.

कापड आणि शिलाई यांना पाचपैकी साडेचार गुण. मालकांना एकही नाही. जर्सी घ्यायचीच असेल तर फॅन व्हर्जन घ्यावी, हंगाम संपताना सवलत लागल्यावर घ्यावी, आणि पाठीवर खेळाडूचे नाव छापून घेण्याआधी त्याच्या कराराची मुदत जरूर पाहावी.