गर्भाशय बघायला गेले आणि सापडलं आतडं

पाळीच्या दुखण्यासाठी ही माझी चौथी सोनोग्राफी. आधीच्या तीन दुसरीकडे झालेल्या, आणि तिन्ही रिपोर्टांत तीच ओळ: गर्भाशय व दोन्ही अंडाशय नॉर्मल. त्यामुळे या सोनोग्राफी सेंटरलाही फार आशा न धरता गेले.

आत गेल्यावर डॉक्टरांनी आधी विचारलं, "पाळीच्या दिवसांत शौचाला बसलं की दुखतं का?" दुखतं, जीव जातो अगदी. पण हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं; पाळीच्या डॉक्टरांपुढे संडासाचं रडगाणं कशाला गायचं!

लघवी करून यायला सांगितलं आणि सोनोग्राफी आतून, म्हणजे योनीमार्गातून प्रोब (तपासणीची कांडी) घालून केली. गर्भाशय, अंडाशय पटकन बघून झालं. मग प्रोब मागच्या बाजूला वळवून बाई तिथेच थांबल्या. पडद्यावर आतड्याची भिंत थराथरांची दिसते, त्यातला काळा थर स्नायूंचा. तो एका ठिकाणी जाड होऊन गाठ झाली होती, १८ मिलिमीटर लांब. मग प्रोबने हलकेच दाबत म्हणाल्या, "बघा, गर्भाशयामागे आतडं सुटं सरकायला हवं." सरकत नव्हतं. दोन्ही जोडीनं हलत होतं. मी शिवणकाम करते. अस्तर कापडाला चिकटून बसलं की काय होतं ते मला वेगळं सांगायला नको. (त्या दाबण्यानं दुखलं बरं का. पण त्यांनी "इथेच का?" म्हणून विचारलं आणि नेमकी तीच जागा होती.)

एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, तो आजार) शंका आहे म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, माझी दुर्बिणीतून आतड्याची तपासणी झालीय, काही निघालं नाही. त्यावर म्हणाल्या, हा आजार आतड्याला बाहेरून धरतो, आतलं अस्तर बहुतेक वेळा शाबूत असतं, म्हणून दुर्बिणीला दिसत नाही. आणि हेही सांगितलं, की या सोनोग्राफीत आतड्याचा खालचाच भाग नीट दिसतो, वरचा नाही. पुढे एमआरआय लागेल. गाठ गुदद्वारापासून किती अंतरावर आहे तेही रिपोर्टात लिहिलंय. माझ्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी तेच वाचलं.

एक तारा कापलाय. दीड तास बसवून ठेवलं, आणि कपडे बदलायच्या खोलीत एक खुंटीसुद्धा नाही. सगळं काखोटीला मारून उभी होते.