मंत्रालयात धडक की ग्रामसभेत ठराव?

कॅन्सरच्या धोरणासाठी आवाज उठवायचे दोन रस्ते आहेत राजेहो. एक मुंबई-दिल्लीचा. तंबाखूनं जबडा गेलेला माणूस डॉक्टरसोबत मंत्र्यापुढं स्वतः बोलतो तेव्हा फाईल हलते. महाराष्ट्रात २०१२ ला गुटखाबंदी आली, २०१६ पासून देशभर तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्रासह इशारा, हे मोठंच काम आहे.

पण आपल्याकडचा खर्रा पाकिटात येतच नाही, पानठेल्यावर सुपारी-तंबाखू-चुना पन्नीत घोटून हातात देतात, मग चित्र छापायचं कुठं? इथं दुसराच रस्ता लागते, गावाचा. गडचिरोलीत मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या अभियानानं गावागावात संघटना बांधल्या, दारू-तंबाखू विकायची नाही हे गावच ठरवते. शाळेपासून १०० यार्डात तंबाखू विकायची नाही हा नियम २००३ च्या कायद्यात आहेच, पण तो पाळून घ्यायला मुंबईहून कोण येणार, बचत गटाच्या बायाच उभ्या राहतात.

ग्रामसभा बायोप्सी अन रेडिएशन आणू शकत नाही, हे खरं, तो पैसा वरूनच येते. तरी मी म्हणन सुरुवात गावातून करा, अन तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंड तपासणी उपकेंद्रातच व्हावी हे ठरावात लिहून त्याची कॉपी आमदाराला द्या.