फाइन आर्ट फोटोग्राफीची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी: पहिल्या वर्षानंतरचा अनुभव

फाइन आर्ट फोटोग्राफीच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष मी नुकतेच पूर्ण केले. प्रवेशाचा विचार करणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: ही कला घरबसल्या शिकता येते का? माझ्या अनुभवानुसार छायाचित्रांची निवड करणे, त्यांचा क्रम लावणे आणि त्यांविषयी नेमकेपणाने लिहिणे-बोलणे या पद्धतीने अपेक्षेपेक्षा बरेच चांगले शिकता येते. मात्र छायाचित्र ही भिंतीवर लागणारी, आकार आणि पोत असलेली वस्तू आहे, आणि शिक्षणाची ही बाजू विद्यार्थ्याला बहुतांशी स्वतःच उभी करावी लागते.

अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे समीक्षा सत्र, ज्याला सगळे क्रिटिक म्हणतात. व्हिडिओ कॉलवर प्रतिमेतली माहिती कमी केली (कॉम्प्रेस) जाऊन सावल्यांमधला तपशील आणि रंगांच्या सूक्ष्म छटा हरवतात. म्हणून मूळ फाइल काही दिवस आधी द्यायच्या, प्रत्येकाने त्या आपापल्या मॉनिटरवर सावकाश पाहायच्या आणि सत्रापूर्वी लेखी अभिप्राय द्यायचा, अशी आमच्याकडे शिस्त आहे. सत्राच्या पहिल्या भागात छायाचित्रकाराने काहीही न बोलता ऐकायचे असते. वर्गात समोरासमोर बसून होणाऱ्या चर्चेत जो आधी ठामपणे बोलतो त्याच्या मागे बाकीचे जातात. येथे प्रत्येकाने आपले मत दुसऱ्याचे न वाचता आधीच लिहिलेले असते, त्यामुळे चार जणांनी एकाच गोष्टीकडे बोट दाखवले तर ती टाळता येत नाही. रिकाम्या जिन्यांच्या माझ्या मालिकेत एका चौकटीत माणसाची सावली होती आणि ती चौकट मला अतिशय प्रिय होती. त्या एका सावलीमुळे उरलेले सारे जिने कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखे वाटू लागतात, असे अनेकांनी स्वतंत्रपणे लिहिले. चौकट काढली आणि मालिका पुन्हा जिन्यांची, त्यांच्या उजेडाची आणि झिजलेल्या पायऱ्यांची झाली. केवळ या लेखी अभिप्रायांसाठीही मी हा अभ्यासक्रम पुन्हा निवडेन.

क्रम लावण्याचे शिक्षणही उत्तम आहे, पण त्यासाठी दिलेला आभासी फलक पुरेसा नाही. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५ आणि १९५६ मध्ये अमेरिकाभर फिरून टिपलेल्या सुमारे २७,००० चौकटींमधून अखेर केवळ ८३ छायाचित्रे ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकासाठी निवडली, आणि त्या निवडीच्या वाटेवर त्यांनी सुमारे हजार कच्चे प्रिंट काढून ते भिंतीवर टाचले, जमिनीवर पसरले. आमच्या मार्गदर्शकांनी हे उदाहरण दिल्यावर मी तळहाताएवढे साधे प्रिंट काढून जमिनीवर मांडू लागलो. दोन छायाचित्रे शेजारी आली की तिसऱ्याची गरज उरत नाही, हे उभे राहून, थोडे मागे सरकून पाहताना जितके लवकर कळते तितके लघुप्रतिमा माउसने सरकवताना कळत नाही.

आता प्रिंटविषयी. जर्मन छायाचित्रकार थॉमस रुफ यांनी १९८० च्या दशकात काढलेली व्यक्तिचित्रे सुरुवातीला लहान आकाराची होती. १९८६ पासून त्यांनी ती सुमारे २१० × १६५ सेंटिमीटर आकारात छापायला सुरुवात केली. पासपोर्टच्या फोटोसारखा निर्विकार चेहरा दारापेक्षाही रुंद होऊन समोर येतो तेव्हा त्याचा अर्थच बदलतो. आमच्या व्याख्यानात मात्र दोन्ही आकार सारख्याच चौकोनात दिसले. छटांचेही तसेच आहे. साध्या मॉनिटरवर उजळ आणि काळ्यातले अंतर हजारास एक इतके असू शकते. चांगल्या बराइटा कागदावर (किंचित चमक असलेला छायाचित्र-कागद) ते साधारण दोनशेस एक आणि मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, कागदावर पन्नासास एकच्या आसपास राहते. त्यामुळे मॉनिटरवर खोल वाटलेली सावली मॅट कागदावर करडी होते. यावर उपाय आहेत: मॉनिटर कॅलिब्रेट करून, म्हणजे त्याचे रंग मोजून प्रमाणित करून, त्याची उजळता १०० कॅन्डेला प्रति चौरस मीटरच्या आसपास ठेवणे, कागदाचे प्रोफाइल (तो रंग कसे दाखवतो याची फाइल) लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाई कशी दिसेल याची पडद्यावरची झलक, पाहणे आणि प्रिंट ५,००० केल्विनच्या स्थिर प्रकाशात तपासणे. हे सगळे अभ्यासक्रमात शिकवले जाते, पण शिकवणाऱ्याने तुमचा प्रिंट हातात घेऊन तिरपा धरणे आणि इथे शाई जास्त झाली आहे असे सांगणे घडत नाही. मी एका छपाई कारागिराकडे नियमित बसू लागलो, आणि या वर्षातले जवळजवळ निम्मे तांत्रिक शिक्षण मला तिथे मिळाले.

सिद्धांताचे आणि इतिहासाचे विषय ऑनलाइन माध्यमाला सहज मानवतात. ग्रंथालयही चांगले आहे. वेगवेगळ्या देशांतील सहाध्यायी असल्यामुळे सत्रांच्या वेळा गैरसोयीच्या होतात, पण त्यांच्या नजरेतून स्वतःचे काम पाहण्याचे मोल त्याहून जास्त आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. वर्षातून काही दिवस प्रत्यक्ष एकत्र येण्याची सोय आहे का, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची: अंतिम प्रदर्शन परीक्षक कसे पाहतात? आमच्या संस्थेत विद्यार्थ्याने आपल्या गावी प्रदर्शन मांडायचे आणि परीक्षकांनी त्या मांडणीची छायाचित्रे पाहून गुण द्यायचे, असा नियम आहे. मला तो अन्यायकारक वाटतो, कारण ज्या कामाचे मूल्य आकारात आणि कागदात आहे त्याचे मूल्यमापन पुन्हा त्याच्या लहान डिजिटल प्रतिमेवरूनच होते. किमान तीन मूळ प्रिंट परीक्षकांना टपालाने पाठवण्याची परवानगी मिळावी, अशी विनंती आम्ही काही विद्यार्थ्यांनी एकत्र केली आहे. माझ्या मार्गदर्शकांनी तिला पाठिंबा दिला असून पुढील शैक्षणिक सत्राच्या सुरुवातीला तिच्यावर चर्चा होणार आहे.