आधी श्वास की आधी वजन?

जपानी समकालीन नृत्य पाहायला सुरुवात कुणापासून करावी: साबुरो तेशिगावारा की उशिओ आमागात्सु? मी तेशिगावारांचं नाव घेईन, कारण त्यांची पद्धत आपल्या अंगाला लगेच कळते.

शिल्पकला आणि बॅले शिकलेल्या या माणसाने 1985 मध्ये केई मियातांसोबत 'कारास' ही नृत्यसंस्था सुरू केली. त्यांच्या कामाचा पाया श्वास आहे. ठरलेल्या मुद्रा घोटण्याआधी शरीर सैल सोडायचं, आतली हवा जाणवू द्यायची, मग हालचाल तिच्या मागून येते. प्रकाश, नेपथ्य, वेशभूषाही बहुतेकदा त्यांचीच. एका रचनेत तर रंगमंचभर फुटक्या काचा पसरलेल्या असतात; त्यावर पडणाऱ्या पावलांचा करकराट ऐकताना आपलेच तळवे आखडतात.

आमागात्सु बुतो परंपरेतले; बुतो म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये जन्मलेला प्रयोगशील नृत्यप्रकार. 1975 मध्ये त्यांनी 'सानकाई जुकु' ही नृत्यसंस्था स्थापन केली. मुंडण केलेली डोकी, अंगभर पांढरी पूड, आणि उभं राहायलाही लागणारा निवांत वेळ. नृत्य म्हणजे गुरुत्वाकर्षणाशी संवाद, असं ते मानत. त्यांच्या 'उनेत्सु' या रचनेत वरून वाळूची आणि पाण्याची बारीक धार पडत राहते आणि नर्तक तिच्याइतकाच संथ असतो. हे पाहायला धीर हवा, पण तो लाभला की दुसरं काही पाहवत नाही.

आमागात्सु 2024 मध्ये गेले. तेशिगावारा मात्र टोकियोत ओगिकुबोच्या आपल्या छोट्या जागेत नर्तिका रिहोको सातोंबरोबर अजूनही नाचतात. तिकडे जाणं झालं तर चुकवू नका.