काचेवर नक्षी: साधे ग्लास कलर की ओव्हनमध्ये भाजायचे?

काचेची वस्तू रंगवायची ठरवली की आपण दुकानात जाऊन आधी शेड बघतो. मी म्हणेन, आधी वस्तू बघा. तिला पाणी लागणार आहे का? तिच्या मागे उजेड असणार आहे का? एवढं कळलं की कोणती बाटली उचलायची ते बहुतेक ठरतंच.

काच रंग शोषत नाही. कागद किंवा माती रंग पिते. काचेवर तो नुसता वर बसतो. फुलांची छपाई असलेले बाजारातले ग्लास वर्षानुवर्षं घासले तरी टिकतात, कारण त्या रंगात काचेचीच बारीक पूड असते आणि साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला ती वितळून मूळ काचेशी एकजीव होते. घरी भट्टी नसते, म्हणून आपल्याला खालच्या पर्यायांतून निवडायचं असतं.

सॉल्व्हंट-बेस्ड, म्हणजे पाण्याऐवजी रासायनिक द्रावकात कालवलेले ग्लास कलर हे माझे सगळ्यात आवडते. पारदर्शकता आणि चकाकी यांत बाकीचे रंग त्यांच्या जवळपास येत नाहीत. खिडकीत ठेवायची बाटली, फोटोफ्रेम, दिवाळीचा काचेचा कंदील यांसाठी हेच घ्या. आधी लायनरने, म्हणजे उठावदार रेघेसाठीच्या घट्ट रंगाच्या ट्यूबने, नक्षीच्या रेघा काढायच्या, त्या वाळल्या की मधल्या जागेत रंग सोडायचा. रेघ कुठेही तुटलेली नको; मोराच्या पिसाऱ्यातला एक डोळा जरी उघडा राहिला तरी निळा रंग शेजारच्या हिरव्यात शिरतो. ब्रश घासायचा नाही. रंगाचा थेंब मधोमध ठेवायचा आणि टोकाने कडेपर्यंत ढकलायचा, म्हणजे तो आपोआप सपाट पसरतो. रंगाची बाटली हलवून घेऊ नका, बुडबुडे येतात. आलेच तर ओल्यातच टाचणीने फोडा. गोल वस्तूवर ओघळ येतात, म्हणून ती घडी घातलेल्या टॉवेलवर आडवी ठेवून एका वेळी एकच बाजू रंगवायची आणि ती वाळल्यावरच फिरवायची. यात घाई करणाऱ्यांचं काम हमखास बिघडतं.

तोटेही मोठे आहेत. वास उग्र असतो, खिडक्या उघड्या हव्यात, जवळ ज्योत नको. ब्रश टर्पेंटाइनने धुवावे लागतात. मुख्य म्हणजे हा रंग घासणीपुढे टिकत नाही.

वॉटर-बेस्ड ग्लास कलरला वास जवळपास नाही आणि ब्रश पाण्याने धुता येतो. लहान मुलांबरोबर बसणार असाल तर दुसरा विचारच नको. चकाकी मात्र कमी आणि ओलावा लागला की पकड सुटते. कॅमलचे ग्लास कलर दोन्ही प्रकारांत मिळतात, तेव्हा लेबल वाचूनच घ्या.

आता भाजायचे रंग. फ्रान्सच्या पेबेओ कंपनीचा व्हिट्रिया १६० हा त्यातला ओळखीचा. नावातला आकडा तापमानाचा. रंगवलेली वस्तू २४ तास वाळू द्यायची, थंड ओव्हनमध्ये ठेवायची, १६० अंश गाठल्यावर ४० मिनिटं भाजायची आणि ओव्हनमध्येच गार होऊ द्यायची. तापलेल्या ओव्हनमध्ये थंड काच सरकवली किंवा गरम काच ओट्यावर काढली तर ती तडकू शकते. ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा ओव्हन चालतो, साधा मायक्रोवेव्ह नाही. छोट्या ओटीजीचं बटण आणि आतली उष्णता यांत बराच फरक असू शकतो, म्हणून ओव्हनचा थर्मामीटर घेतलेला चांगला. नीट भाजलेली नक्षी धुण्याला टिकते, म्हणून सरबताचे ग्लास, फुलदाणी, पाण्याचा जग यांसाठी पैसे इथेच घाला. हे रंग महाग पडतात, पण रोज वापरायच्या वस्तूवर स्वस्त रंगाची मेहनत वाया जाताना बघवत नाही. तरीही आतून रंगवू नका आणि ओठ लागतो ती वरची कड दोन बोटं कोरी सोडा.

सध्या बाटलीला प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, लावून ॲक्रिलिकने रंगवण्याची खूप चलती आहे. वारलीच्या पांढऱ्या आकृत्या गेरूच्या रंगावर छान उठतात, साहित्य स्वस्त आहे आणि चूक झाली तर वरून पुन्हा रंगवता येते. पण प्रायमरखाली काच झाकली जाते, मग बाटली काचेची काय नि मातीची काय! शोभेसाठी खुशाल करा. उजेड आरपार हवा असेल तर हा मार्ग नाही.

काहीही निवडलंत तरी काच आधी स्पिरिटने पुसा आणि नंतर कडेनेच धरा. बोटांच्या तेलकट ठशावर कुठलाच रंग धरत नाही. भाजायचे रंग घेत असाल तर लायनरही त्याच मालिकेतला घ्या. साध्या लायनरच्या रेघा ओव्हनच्या उष्णतेसाठी बनवलेल्या नसतात, आणि आतला रंग पक्का होऊन रेघच सुटून आली तर नक्षीचा आकारच जातो.